फेविकॉल वाळेपर्यंत

शाळेनं काय दिलं असं माजी विद्यार्थ्यांना विचारलं की संस्कार, शिस्त आणि आत्मविश्वास ही त्रिमूर्ती ठरलेली. आपल्या शाळेच्या या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या आधीच्या पानांवर ती तुम्हाला भेटली असेलच, म्हणून मी तिच्या वाटेला जात नाही. मला शाळेतून मिळालेलं एक पक्कं ज्ञान असं, की पोस्टर कलर कितीही वाळलेला दिसला तरी त्यावरून पाणी घातलेला फेविकॉल फिरवला की तो सुटतो आणि अख्खं चित्र गढूळ होतं. तेव्हा आधी कापड चिकटवायचं, ते वाळू द्यायचं. मग रंग, तो वाळू द्यायचा. मग ठसे. टाके घालायचे असतील तर ते सगळ्यांच्या आधी, कारण फेविकॉल प्यायलेल्या कापडात सुई शिरत नाही. हा क्रम चित्रकलेच्या बाईंनी आमच्याकडून पाढ्यासारखा घोटून घेतला होता.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आठवीला बाई आम्हाला आल्या आणि पहिल्याच तासाला त्यांनी सगळ्यांच्या चित्रकला वह्या चाळल्या. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, नदीकाठी झोपडी, आकाशात चारच्या आकड्याचे पक्षी. वर्गात जितक्या वह्या तितक्या वेळा तेच.

"छान आहेत," बाई म्हणाल्या. "आता मिटा. पुढच्या शनिवारी येताना घरातलं जुनं सुती कापड आणा. टेरिकॉट आणलंत तर परत पाठवीन."

तरी निम्म्या वर्गानं टेरिकॉटच आणलं, कारण त्या काळी घरोघरी वडिलांच्या जुन्या पँटी टेरिकॉटच्याच असायच्या. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी एक तुकडा सुती आणि एक टेरिकॉटचा शेजारी शेजारी ठेवला आणि दोन्हींवर पातळ रंगाचा एकेक थेंब सोडला. सुती कापडानं तो पिऊन टाकला. टेरिकॉटवर तो मणी होऊन बसून राहिला आणि तुकडा कलता केल्यावर घरंगळत बाकावर आला. मग शाळेच्या खर्चातून आणलेल्या मांजरपाटाच्या ताग्यावर त्यांनी तसाच थेंब टाकला. तोही बसून राहिला! कोऱ्या मांजरपाटाला खळ असते, ती काढल्याशिवाय रंग आत जात नाही. मग शिपाईमामांकडून स्काऊटच्या शिबिराचं मोठं पातेलं आणि स्टोव्ह मिळवून, धुण्याचा सोडा घालून कापड उकळण्यात एक पूर्ण शनिवार गेला. त्या दिवशी चित्र कुणीच काढलं नाही. घरी "आज चित्रकलेत काय केलं" या प्रश्नाला "कपडे धुतले" असं उत्तर गेलं आणि त्यावरून पालकसभेत एका काकांनी बाईंना छेडलं.

तो प्रसंग मला आईकडून कळला. चित्रकलेच्या नावाखाली मुलं चिंध्या चिकटवतात, असं काकांचं म्हणणं. बाईंनी शांतपणे सांगितलं की १९१२ साली पिकासोनं एका चित्रात वेताच्या विणीची छपाई असलेलं मेणकापड चिकटवलं होतं आणि चित्राला चौकट म्हणून चक्क दोरखंड लावला होता. यावर काकांनी विचारलं, "पिकासोला दहावीला किती टक्के होते?" हा प्रश्न पुण्याबाहेर कुणाला सुचला नसता. पण बाईसुद्धा पुण्याच्याच. "विचारून सांगते," म्हणाल्या.

ठशांचं प्रकरण भाजीपासून सुरू झालं. भेंडीचा ठसा सगळ्यांनीच बालवाडीत मारलेला असतो, पण भेंडी जून हवी हे आम्हाला आठवीत कळलं. कोवळी भेंडी दाबली की चेपते आणि पाच पाकळ्यांचं फूल उमटायच्या ऐवजी हिरवा डाग पडतो. जून भेंडीच्या आतल्या भिंती ताठ असतात. मंडईतल्या मावशी अशी भेंडी बाजूला काढून ठेवत आणि आम्हाला फुकट देत; वर "हिची भाजी करू नका गं पोरींनो" असंही बजावत. बटाटा कापला की त्याला पाणी सुटतं, म्हणून कापलेली बाजू फडक्यानं टिपून थोडा वेळ उघडी ठेवायची, नाहीतर रंग फिकट होतो आणि कडा पसरतात. कांद्याची वर्तुळं सुरेख येतात, पण वर्गात कांदा चिरण्यावर पुढे बंदी आली. कारण सांगायला नको.

मग बाईंनी रबराकडे मोर्चा वळवला. खोडरबरावर ब्लेडनं कोरणं हा पहिला टप्पा. मोठा ठसा हवा असेल तर झिजलेल्या हवाई चपलेचा तळ, तो कोरायलाही सोपा आणि कापडावर नीट बसतोही. ठशाला रंग ब्रशनं लावायचा नाही, हा नियम होता. ताटलीत स्पंजचा तुकडा, त्यावर रंग, आणि त्या स्पंजावर ठसा टेकवून उचलायचा. ब्रशनं लावला तर रंग कोरलेल्या खाचांत भरतो आणि नक्षी बुजते. कापडाखाली घोंगडी पसरायची, ठसा ठेवायचा आणि वरून तळहाताच्या टाचेनं एकच ठोसा मारायचा. दुसरा मारला की ठसा हलतो आणि उमटलेल्याला सावली पडते. सांगानेर-बगरूचे छपाई करणारे कारागीरही असंच करतात, फक्त त्यांचे ठसे लाकडी असतात, हे बाईंनी सांगितलं होतं. पुढे बऱ्याच वर्षांनी राजस्थानात गेले तेव्हा तो ठोसा ऐकला आणि ओळखला.

पण आमच्या वर्गाचं खरं भांडवल म्हणजे चुकलेले शिक्के. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास रबरी शिक्के करून देणारे होते. छापखान्यातले अक्षरांचे खिळे जुळवायचे, त्यांचा साचा घ्यायचा, साच्यात रबर ठेवून तापवून दाबायचं, अशी ती पद्धत. खिळा उलटा लागला, ऱ्हस्वदीर्घ चुकलं, की गिऱ्हाईक शिक्का घेत नाही. असे नाकारलेले शिक्के एका दुकानदाराकडे डब्यात पडून होते आणि त्याची मुलगी आमच्या वर्गात होती. डबा शाळेत आला! 'अध्यक्ष', 'कार्यवाह', 'खरी प्रत', 'पोच मिळाली', 'रद्द'. काहींत वेलांटी गायब, काहींत पत्ता अर्धाच. आम्ही 'पोच मिळाली'ची पानं असलेला वड केला. 'रद्द'ची मुंग्यांची रांग केली. शिक्क्याच्या पॅडची शाई पाण्यानं फुटते, म्हणून हे ठसे अगदी शेवटी मारायचे आणि त्यावर काहीही ओलं लावायचं नाही, हा क्रमात वाढलेला नवा नियम. पुढे माझी सगळी नोकरी एका सहकारी बँकेत शिक्के मारण्यात गेली, तेव्हा हा डबा रोज आठवायचा.

बाई आम्हाला दोन ठिकाणी घेऊन गेल्या. एक, शिवाजीनगरची हातकागद संस्था, १९४० सालची. तिथं सुती चिंध्यांचा लगदा हौदात घोळत असतो आणि माणूस जाळीची चौकट त्यात बुडवून आडवी उचलतो. पाणी निथळतं आणि जाळीवर कागद उरतो. म्हणजे आम्ही ज्यावर कापड चिकटवत होतो तो कागदही मुळात कापडच. हे कळल्यावर माझ्या बाकावरच्या मैत्रिणीनं, जिचं शिवण फार सुबक होतं, हातकागदावर धावदोरा घालून पाहिला. फाटला नाही. तिथून पुढे आमच्या चित्रांत टाके आले ते तिच्यामुळे.

दुसरं ठिकाण म्हणजे राजा केळकर संग्रहालय. 'अज्ञातवासी' या नावानं कविता करणाऱ्या दिनकर केळकरांनी गेलेल्या मुलाच्या नावानं उभं केलेलं. आपण सगळे तिथं मस्तानी महाल बघायला जातो. बाईंनी आम्हाला अडकित्ते आणि पाय घासायच्या वज्र्यांसमोर बसवलं. एकेक वज्री घ्या, म्हणजे नजरेनं घ्या, आणि तिची नक्षी वहीत उतरवा. रोजच्या पाय घासायच्या वस्तूवर कुणी मोर काढावा, कुणी हत्ती, आणि तोही इतका बेतशीर! त्या रेखाटनांवरून चपलेच्या तळांवर कोरलेले ठसे हे माझ्या मते आमच्या बॅचचं सर्वांत चांगलं काम. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या संकल्पचित्रांपेक्षाही चांगलं, आणि हे मी त्या परीक्षेत ए ग्रेड मिळालेली असूनही म्हणते.

अडचण एकच, वाळण्याची. जुलैत पुण्यात पाऊस कोसळत नाही, रेंगाळतो. फेविकॉल पांढराच्या पांढरा राहतो, पारदर्शक व्हायचं नाव घेत नाही. व्हरांड्यात आरपार सुतळ्या बांधून आमची कापडं चिमट्यांनी टांगलेली असत आणि इतिहासाच्या सरांना त्यांच्याखालून वाकून वर्गावर जावं लागे. 'गनिमी कावा' शिकवताना ते खिडकीतून सुतळ्यांकडे बोट दाखवत. दर शनिवारी एकच थर. घाई केलेली चित्रं बाई हातात घेऊन नुसत्या वास घ्यायच्या आणि परत टांगायच्या. छापलेलं कापड एक दिवस राहू दिल्यावर उलट्या बाजूनं इस्त्री, म्हणजे रंग पक्का होतो. मधे वर्तमानपत्र घालायचं नाही, त्याची शाई उतरते. जुनं धोतर घालायचं.

आणि आता मंडईचं मुखपृष्ठ. आपल्या शाळेचं हस्तलिखित दरवर्षी निघायचं हे जुन्या मंडळींना आठवत असेल. आम्ही नववीत असताना मुखपृष्ठ बाईंनी आमच्या वर्गाकडे सोपवलं. विषय ठरवताना शनिवारवाडा आणि पर्वती एकमतानं बाद झाले. मंडई घ्यायची ठरली, कारण ठसे तिथूनच आले होते. १८८६ ची ती इमारत, तिचा अष्टकोनी मनोरा आम्ही विटकरी रंगाच्या जुन्या पडद्यातून कापला. भाजीवाल्या बायकांची लुगडी इरकलीच्या आणि खणाच्या कात्रणांची. ही कात्रणं लक्ष्मी रोडच्या शिंप्यांकडून आणलेली. खण कापला की त्याच्या दशा सुटतात, म्हणून कडेला काडीनं फेविकॉलची बारीक रेघ ओढून, ती वाळल्यावर मगच कात्री. लुगड्यांना मैत्रिणीनं आधीच साखळी टाक्यानं काठ घातले. बायकांसमोरचे ढीग म्हणजे भेंडीचे, दोडक्याचे, कोबीचे ठसे. भाजीचं चित्र त्याच भाजीनं काढलेलं. हस्तलिखिताचं नाव चपलेच्या तळावर उलटं कोरलं होतं. देवनागरीत शिरोरेघ असल्यानं अक्षरं एकमेकांना धरून राहतात, कोरायला बरं पडतं.

राहिली गर्दी. इतकी माणसं काढणार कोण? तेव्हा कुणीतरी, मी नव्हे, डब्यातला 'अध्यक्ष' उचलला आणि जिथं जिथं माणूस हवा तिथं एकेक मारत गेला. मंडईभर अध्यक्ष. मुख्याध्यापक ते बघून पहिल्यांदा गप्प झाले आणि मग इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. वार्षिक संमेलनाला आलेल्या पाहुण्यांनाही त्यांनी ते मुद्दाम दाखवलं. पाहुणे स्वतः कुठल्याशा संस्थेचे अध्यक्ष होते.

हल्ली रविवारी आमच्या सोसायटीतली पाच-सात मुलं माझ्याकडे येतात. आता रंग फार चांगले मिळतात हे मान्य करायला हवं. अ‍ॅक्रिलिक एकदा वाळलं की पाण्यानं सुटत नाही, त्यामुळे निम्मे नियम सैल झाले. पण बाजारात मिळणाऱ्या तयार किटबद्दल माझं मत वाईट आहे. त्यात फुलपाखराचा ठसा कोरलेला, कापड कापलेलं, कुठं काय चिकटवायचं त्याचे आकडेही छापलेले. मूल वीस मिनिटांत मोकळं आणि वर चमकी सांडलेली, ती दिवाळीपर्यंत घरात निघत राहते. मी मुलांना आधी पातेलं देते. आयांचे फोन येतात, "काकू, आज नुसतं कापड धुतलं म्हणे?" त्यांना पिकासोचं सांगत नाही, कारण पुढचा प्रश्न मला माहीत आहे.

सुवर्णमहोत्सवाच्या प्रदर्शनात जुनी हस्तलिखितं मांडणार असल्याचं समितीच्या पत्रात वाचलं आणि गेल्या महिन्यात येऊन कपाट पाहून गेले. मंडई शाबूत आहे. समितीला एवढीच विनंती, की ते मुखपृष्ठ लॅमिनेट करू नये. उष्णतेनं जुना फेविकॉल मऊ पडतो आणि खणाचे तुकडे जागचे हलतील. काच लावायची तर चित्राला न टेकणारी, मधे पट्टी घालून. खिडकीसमोर तर अजिबात नको, भेंडीचा हिरवा रंग आधीच बराच उडाला आहे. डावीकडच्या दोन लुगड्यांचे काठ उसवले आहेत. माझी मैत्रीण नाशिकहून येते आहे, त्याच रंगाचा दोरा तिनं शोधून ठेवलाय. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी आम्हा दोघींना चित्रकलेच्या खोलीची किल्ली मिळेल अशी व्यवस्था करावी. चहा आम्ही बरोबर आणू.