डोंग्याच्या बुडाचं जहाज

मी घरकुलाचा इंजिनिअर आहे. कोणाचं जोतं झालं, कोणाचं लिंटल झालं, कोणाचा स्लॅब पडला हे गावोगाव फिरून पाहायचं, मोबाईलवर जिओटॅग फोटो, म्हणजे जागेची नोंद असलेला फोटो, काढायचा अन् पुढच्या हप्त्याची फाईल सरकवायची, एवढंच काम. त्यामुळे गावात माझी गाडी दिसली की लोक आधी बिचकतात, साहेब आला म्हणजे काहीतरी खोट काढणार असं धरूनच चालतात, आणि मी काढतोही, कारण जोत्याखाली मुरूम नीट ठोकला नसला तर दोन पावसाळ्यांनी फरशीला भेगा पडणारच अन् तेव्हा शिव्या मलाच बसतील.

आता दुसरी गोष्ट, जी आमच्या ऑफिसात फार कोणाला माहीत नाही. सुट्टीच्या दिवशी मी लेगोचे, म्हणजे एकात एक बसणारे प्लास्टिकचे, ठोकळे लावत बसतो. नागपूरला डिप्लोमा करताना हा नाद लागला, तेव्हा जुने ठोकळे किलोवर घ्यायचो, धुवायचो, रंगाप्रमाणे डब्यात भरायचो. बायको म्हणते दिवसभर लोकांची घरं पाहता अन् घरी येऊन पुन्हा घरंच बांधता, तुमचं डोकं दुखत नाही काय. नाही दुखत.

तर आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर एक सर आहेत, त्यांना माझा हा नाद माहीत आहे. नागपूरच्या कोण्या डॉक्टरांचा मुलगा मोठा होऊन बाहेर शिकायला गेला आणि त्याच्या लहानपणच्या ठोकळ्यांची अर्धी चुंगडी, म्हणजे पोतं, त्यांनी शाळेला देऊन टाकली. सरांनी पोरांचे गट पाडले, हिवाळ्यात धान कटाई झाल्यावर शाळेत आनंद मेळावा असतो त्यात मांडायला म्हणून काहीतरी बांधा म्हणाले, आणि मला फोन, "साहेब, तुम्ही त्या दिवशी गावात जिओटॅगिंगले येऊनच रायले ना, मग अर्धा घंटा शाळेत या, पोट्ट्यायनं काय बनवलं ते पाहून दोन शब्द बोला."

अर्धा घंटा म्हणाले होते. दुपार गेली माझी तिथे.

व्हरांड्यात लायनीत टेबलं लावलेली, एका बाजूला भजे, पाणीपुरी, चण्याचे स्टॉल, अन् दुसऱ्या बाजूला ठोकळे. पहिल्या टेबलावर एक शाळा होती, मी म्हणालो वा, छान आहे. दुसऱ्यावर टॉवर, हेही छान. तिसऱ्या टेबलावर सातवीतली एक पोरगी उभी होती, तिनं मला तोंड उघडूच दिलं नाही, म्हणे, "सर, तुमी सगळ्यायलेच छान म्हणून रायले. माह्यात काय छान हाय ते सांगा."

बरोबरच होतं तिचं. मग मी खाली बसलो. उभ्यानं पाहिलं तर कोणतंही मॉडेल वरूनच दिसते, नुसतं छप्पर दिसते, बांधणाऱ्यानं मात्र ते डोळ्यासमोर धरून बांधलेलं असते. म्हणून पाहायचं तर त्याच उंचीवर जाऊन पाहायचं.

तिचं घर होतं. पुढे छपरी, मागे स्वयंपाकघर, आणि वर कवेलूचं, म्हणजे कौलांचं, छप्पर. उताराचे लाल ठोकळे अर्ध्याच छपराला पुरले होते, बाकीच्यासाठी तिनं तपकिरी पातळ पट्ट्या एकावर एक थोड्या सरकवून पायऱ्यांसारख्या लावल्या होत्या, अन् दुरून पाहिलं तर खरंच कवेलूच वाटायचे. मी तिला हेच सांगितलं, की दोन वेगवेगळ्या सामानानं एकच छप्पर केलं तरी उतार जुळला, हे छान आहे. या ठोकळ्यांचं माप असं असते की तीन पातळ पट्ट्या मिळून बरोबर एक ठोकळा, ठोकळा 9.6 मिलिमीटर उंच अन् पट्टी 3.2. तिनं हे न मोजता हातानं शोधून काढलं होतं. मग म्हणालो, आता ही मागची भिंत बोटानं हळूच ढकल. ढकलली तर भिंत उभी चिरली, दोन भाग झाले. तिचा चेहरा पडला. मी विचारलं, तुझ्या घरी कोणी मिस्त्रीकाम करते काय, तर म्हणे मामा करतात. मामा विटा लावताना काय करतात? जरा विचार करून स्वतःच म्हणाली, "जोडावर जोड येऊ देत नाईत." अन् मी पुढच्या टेबलावर जायच्या आत तिनं भिंत उतरवून अर्धा ठोकळा सरकवून लावायला घेतली. माझ्या साईटवर मिस्त्री लोकांना हीच गोष्ट समजावायला किती तोंड वाजवावं लागते ते मलाच माहीत.

तिला ठोकळे कमी पडत होते, अशी तक्रार सगळ्यांचीच होती. मी म्हटलं आठ बटनवाले (बटन म्हणजे ठोकळ्यावरचा गोल उंचवटा) एकाच रंगाचे फक्त सहा ठोकळे घेतले तर ते 91,51,03,765 प्रकारे जोडता येतात. हा आकडा मी नाही काढला, गणितवाल्यांनी कॉम्प्युटरवर मोजलेला आहे. सरांनी तो लगेच फळ्यावर लिहिला अन् पोट्ट्यांना अक्षरात वाचायला लावला. मास्तर माणूस, कुठंही सोडत नाही.

पुढे राईस मिल. गोंदिया जिल्ह्यात राहून पोरं राईस मिल नाही बांधणार तर काय बांधणार! चिमणी होती, ट्रॅक्टर होता, आणि मिलमागे धानाच्या भुशाचा ढीग, बारक्या पिवळ्या गोल दाण्यांचा, नुसते ओतून ठेवलेले. मी दोन मिनिटं त्या ढिगाकडेच पाहत होतो. एकही दाणा चिकटवलेला नाही अन् तरी सगळ्या मॉडेलमध्ये सगळ्यात खरी गोष्ट तीच. पाटीसाठी त्यांनी ठोकळे आडवे करून, बटनं बाहेरच्या बाजूला काढून लावले होते. जगातले मोठमोठे फॅन लोक जे स्वतःच्या मनानं मॉडेल बनवतात ते ही युक्ती वापरतात, तिचे वेगळे ठोकळेही मिळतात, ज्यांना बाजूला बटनं असतात. या पोरांना ते कोणी शिकवलं नव्हतं. सुधारणा एकच सांगितली, की ट्रॅक्टर मिलच्या दारातून आत जातो का ते लावून पाहा. नाही गेला. दार रुंद केलं. बस.

एकाच्या हातातला ठोकळा पिवळट पडलेला, जुना होता, अन् दुसरा नवा कोरा, तरी दोन्ही टकाक बसले. त्यानं विचारलं असं कसं. सांगितलं, आत नळ्या असलेल्या या ठोकळ्याचं पेटंट 28 जानेवारी 1958 ला डेन्मार्कमध्ये अर्ज करून घेतलं, तेव्हापासून माप बदललंच नाही, बटनापासून बटन 8 मिलिमीटर, त्यामुळे तुझ्या आजोबांच्या वेळचा ठोकळाही आजच्याला बसते. चुंगडीत काही डुप्लिकेट माल पण मिसळलेला होता, तो लगेच कळते, एकतर बसतच नाही नाहीतर उलटं केलं की गळून पडते. तो मी भिंतीत नका लावू, जमिनीत अन् झाडांत लावा म्हणून सांगितलं.

आता जहाज.

शेवटच्या टेबलावर जहाज होतं, समुद्री चाच्यांचं. चुंगडीत दोन माणसं सापडली होती, एकाच्या हाताला आकडा अन् एकाचा पाय लाकडाचा, त्यावरूनच त्यांना कल्पना सुचली. हे चाचे लोक लेगोनं 1989 ला आणले अन् त्याच्या आधी त्यांच्या सगळ्या बाहुल्यांचा चेहरा एकच असायचा, दोन ठिपके अन् एक हसू. डोळ्यावरची पट्टी, दाढीमिशी, आकडा, लाकडी पाय हे सगळं चाच्यांसोबत आलं. पोरांना मात्र वेगळाच प्रश्न होता, "सर, यायले कावीळ झाली काय? तोंड काहून पिवळं?"

बांधणारा पोरगा ढिवरांचा. बाप तलावात मासे धरतो. या पोरानं समुद्र काय, मोठं जहाज फोटोतही नीट पाहिलेलं नव्हतं, सरांनी पुस्तकातलं एक चित्र दाखवलं तेवढंच. पण डोंगा त्यानं वल्हवलेला आहे. म्हणून जहाजाचं बूड सपाट, बाजू बुटक्या, अन् नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, लांबच लांब निघालेली. डोलकाठ्या दोन. मधे भोक असलेले गोल ठोकळे बांबूच्या काडीत ओवून केलेल्या, बुडाशी इतक्या पक्क्या की जहाज डोलकाठीनं उचललं तरी निघत नव्हत्या. शीड चुंगडीच्या तुकड्याचं. तोफा म्हणजे बॉलपेनची टोपणं, दोनच होती, दोन्ही नाळेवर तोंड करून. वर झेंडा भगवा.

त्याच्या वर्गातले म्हणत होते की हे जहाज चुकलं. चित्रातल्यासारखं मागून उंच नाही, पोटातून गोल नाही, तोफा बाजूला पाहिजे होत्या, अन् चाच्यांच्या झेंड्यावर कवटी पाहिजे. तो गप उभा होता, हात मागे बांधून. आमच्याकडे लाभार्थी असेच उभे राहतात, मी टेप लावत असलो की.

मी त्याला पहिले हेच विचारलं, की हे कोणाचं जहाज आहे? तो म्हणे, "कान्होजी आंग्र्यायचं. इंग्रज त्यायले लुटारू म्हणे, असं सरानं सांगतलं." मी सरांकडे पाहिलं, सर दुसरीकडे पाहून हसत होते.

मग मी खरंच खूश झालो, कारण आंग्र्यांच्या आरमारात गुराब नावाचं जे जहाज होतं ते असंच होतं, दोन किंवा तीन डोलकाठ्या, कमी पाण्यात चालणारं, नाळ लांब पुढे निघालेली, अन् नाळेच्या दिशेनं पुढे मारा करायला दोन तोफा. इंग्रजांची मोठी जहाजं खोल पाण्यात राहायची, ही किनाऱ्याजवळच्या उथळ खाड्यांत शिरायची. इंग्रज कान्होजींना चाचाच म्हणायचे, इकडे ते मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख. 1721 मध्ये इंग्रज अन् पोर्तुगीज दोघं मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले तरी किल्ला पडला नाही, आणि 1729 ला कान्होजी वारले तोपर्यंत कोणाला त्यांना हरवता आलं नाही. हे मी सगळ्या पोरांसमोर सांगितलं, म्हणजे चुकलं म्हणणाऱ्यांनाही ऐकू जावं. भजे तळणाऱ्या बाया पण ऐकायला आल्या.

पोरगा काही बोलला नाही, फक्त तोफांची तोंडं थोडी सरळ केली.

आता सुधारणा सांगायची पाळी. मला दोन गोष्टी दिसत होत्या. एक, डेकवर माणसं उभी होती पण सुकाणूजवळ कोणालाच जागा नव्हती, म्हणजे जहाज चालवते कोण? दुसरी, शीड सपाट ताणलेलं, त्यात वारा भरलेला दिसत नव्हता. दोन्ही एकदम सांगितल्या तर पोरगा गोंधळतो, अन् ज्याचं सामान डब्यात नाही ते सांगून उपयोगच काय. शीड मी सोडून दिलं. म्हटलं, हा आकडेवाला आहे ना, याला सुकाणूवर उभं राहायला चार बटनांची जागा कर. त्यानं मागचा एक ठोकळा काढून पट्टी लावली, माणूस उभा केला, आकडा सुकाणूत अडकवला. आकडा त्यात इतका बरोबर बसला की आजूबाजूची पोरं ओरडलीच.

माझ्या हिशेबानं काम संपलं होतं. मी बॅग उचलली. तर तो म्हणे, "सर, पण हे तरते का नाई ते कोन पाहीन?"

मी म्हटलं बाबू, ही जहाजं जमिनीवर खेळायची असतात, विकत मिळणारी मोठी चाच्यांची जहाजंही पाण्यात टिकत नाहीत, त्यांचं बूड तुकडे जोडून केलेलं असते, सांध्यातून पाणी येते. तो ऐकून घेत होता पण त्याचा जीव टाक्याकडे. शाळेत हात धुवायचं सिमेंटचं टाकं आहे. सगळी वरात टाक्याकडे.

सोडलं. क्षणभर छान उभं राहिलं अन् सरळ कुशीवर आडवं झालं, शीड पाण्यात, आकडेवाला तळाशी. पोरं खो खो हसली. मी बोलणारच होतो की डोलकाठ्या जड आहेत, उंची कमी कर, तेवढ्यात त्यानं जहाज उचललं, पाणी ओतलं अन् मैदानातून चार-पाच गोटे वेचून आणले, चपटे पाहून, ते बुडात नेमके मधल्या रेषेवर ठेवले. म्हणे, "खाली वजन पायजे, रिकामा डोंगा पण असाच डुलते." खऱ्या जहाजांतही हेच करत, माल नसला की तळात दगड भरत. मी डोलकाठीबद्दलचं माझ्याजवळच ठेवलं.

दुसऱ्यांदा जहाज उभं राहिलं. चांगलं टाक्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं, पोरं फुंकर मारत होती. मग हळूहळू बूड खाली जायला लागलं, सांध्यांतून पाणी येत होतं. त्यानं वेळेवर काढलं.

"फेविक्विक लावू काय?" मी एकदम नाही म्हणालो, जरा जोरातच. ठोकळे चिकटवले की संपलं, मग ते परत कशातच लागत नाहीत, फॅन लोकांत ते पाप आहे, अन् इथे तर पुढच्या वर्षीच्या पोरांनाही हेच ठोकळे पाहिजेत. सर म्हणाले एकच तर जहाज आहे, राहू द्या ना चिकटवलेलं, शाळेत शोकेसमध्ये ठेवू. मी म्हटलं शोकेसमध्येच ठेवायचं तर मग तरवायचं कशाला. आमची दोघांची तिथेच जुंपली. पोरगा म्हणे, आमच्या डोंग्याले भेग पडली का बाबा डांबर भरते, मंग याले काहून नाई? मी म्हटलं डोंगा बाबा रोज उलगडून पुन्हा नाही बांधत.

यावर त्यानं डोकं खाजवलं, जहाज सरांच्या हातात दिलं अन् पळत खिचडी शिजवणाऱ्या मावशीकडे गेला. परत आला तो मिठाची रिकामी प्लास्टिक पिशवी घेऊन. गोटे काढले, डेकच्या पट्ट्या उचकटल्या, पिशवी बुडात आतून पसरली, वरून गोटे, मग पुन्हा पट्ट्या.

"आता सोडा सर," म्हणे, "अन् तुमी तिकडून फुका, मी इकडून पाहातो कुठून गळते ते."