तुम्ही विचारलंत म्हणून: तो काळा पडदा

"तुम्ही त्या काळ्या पडद्यावर इंटरनेट का बघता?" हे मला ऑफिसात विचारतात, लग्नात विचारतात, डेक्कन क्वीनमध्ये शेजारी बसलेली अनोळखी माणसंही विचारतात. उत्तराचे दोन पर्याय त्यांच्याकडे तयारच असतात. एक तर मी हॅकर आहे, नाहीतर मी साधेपणाचं व्रत घेतलंय. भाचा तर याला 'मावशीचा डिजिटल उपवास' म्हणतो. उपवास वगैरे काही नाही. काळा पडदा म्हणजे टर्मिनल, नुसत्या अक्षरांची खिडकी, आणि त्यात चालणारा लिंक्स हा टेक्स्ट ब्राउझर, म्हणजे फक्त मजकूर दाखवणारा. मला वाचायचं असतं, आणि वाचताना ओकायचं नसतं.

दुखण्याची कथा बऱ्याच जणांना पाठ आहे, ती परत लावत नाही. नव्यांसाठी नाव फक्त: व्हेस्टिब्युलर मायग्रेन. डोकं दुखेलच असं नाही, पण जमीन सरकते, आणि समोर काही हलत असलं की लवकर सरकते. वेबपानावर आज न हलणारं काय उरलंय ते तुम्हीच सांगा.

यावर लगेच येणारा सल्ला: "अहो, सेटिंगमध्ये हालचाल कमी करायचा पर्याय असतो." असतो. 2013 साली आयफोनच्या नव्या सॉफ्टवेअरमधल्या हालचालींनी लोकांना मळमळायला लागलं, तेव्हापासून त्याची चर्चा आहे. पुढे तो ब्राउझरमध्येही आला. पण ब्राउझरमधला तो पर्याय ही फक्त विनंती असते. ती मानायची की नाही हे पान बनवणारा ठरवतो, आणि हलत्या जिफ चित्रांना तिचा पत्ताच नसतो. रीडर व्ह्यू, म्हणजे पानातला नुसता मजकूर दाखवणारं बटण? ते लेखांपुरतं, अर्ज भरायच्या पानावर ते बटण उगवतच नाही. जाहिराती अडवून, जावास्क्रिप्ट (पानाला हलतं-चालतं करणारी संगणकभाषा) बंद करूनही पाहिलं. तरी चित्रांच्या सरकपट्ट्या सरकतात, कारण हल्ली सरकायला जावास्क्रिप्ट लागत नाही. आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त हलणारं काहीही वाचकाला थांबवता आलं पाहिजे, हा सुगम्यतेचा आंतरराष्ट्रीय निकष 2008 पासून छापील आहे. छापील.

लिंक्समध्ये विनंती करावी लागत नाही. तिथे हलायची सोयच नाही. आणि लोकांच्या लक्षात न येणारी गोष्ट अशी की, पान वर ढकलणं हीसुद्धा हालचालच असते. लिंक्समध्ये स्पेसबार दाबला की अख्खा पडदा एका फटक्यात बदलतो, पुस्तकाचं पान उलटावं तसा. मधला प्रवास नाही. माझ्यासाठी सगळा फरक तिथेच पडतो.

गंमत म्हणजे हा ब्राउझर आजाऱ्यांसाठी कोणी केलेला नव्हता. 1992 साली कॅन्सस विद्यापीठात, आवारातल्या साध्या टर्मिनलांवर माहिती दिसावी म्हणून तो लिहिला गेला. लिहिणाऱ्यांपैकी लू माँटुली पुढे नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत गेला. तिथे एका संध्याकाळी तो म्हणाला की लिंक्समध्ये दिसू शकणारी करामत एकच, अक्षरांची उघडझाप. सकाळपर्यंत कोणीतरी ती नेटस्केपमध्ये बसवूनही टाकली होती. म्हणजे जगाला लुकलुकणारी अक्षरं मिळण्याचं मूळ माझ्याच औषधाच्या बाटलीत. यावर रागवावं की हसावं, हे मी अजून ठरवलेलं नाही.

आता माझ्या घरची ती संध्याकाळ. कारण 'एवढं काय त्यात' म्हणणाऱ्यांना ती ठाऊक नसते.

लेकीच्या एका प्रवेश परीक्षेचा अर्ज होता, शेवटची तारीख. कुठली परीक्षा ते जाऊ दे. ती क्लासला, नवरा गावाला. घरात फॉर्म भरायचं खातं पहिल्यापासून माझं. आधी 'डब्ल्यू-थ्री-एम' या दुसऱ्या टेक्स्ट ब्राउझरमध्ये उघडलं. एकच ओळ आली: जावास्क्रिप्ट सुरू करा. मग नेहमीचा ब्राउझर. वर सूचनांची पट्टी डावीकडे पळतेय, खाली यशस्वी विद्यार्थ्यांचे फोटो उजवीकडे पळतायत, कोपऱ्यात 'मदत हवी का?' विचारणारा एक बुडबुडा उड्या मारतोय, आणि उरलेला वेळ दाखवणारं घड्याळ उलटं धावतंय. मी वहीचा पुठ्ठा फाडून मॉनिटरच्या वरच्या भागाला चिकटवला. दुसरा तुकडा हातात धरला आणि बुडबुड्यावर ठेवला. एका हाताने टाइप करत दोन पानं पार केली. फोटो 50 केबीच्या आत हवा होता, तो लहान करून आणेपर्यंत वेळ संपला आणि पानाने मला पहिल्या पायरीवर नेऊन सोडलं. दुसऱ्यांदा भरताना घाईघाईत पान वरखाली करावं लागलं. पुठ्ठा गळून पडला तोवर मला काही फरक पडत नव्हता, कारण खोलीच फिरायला लागली होती.

लेक आली तेव्हा मी फरशीवर आडवी होते, गाल लादीला लावून, कारण लादी तेवढी थंड असते. तिने बादली आणून ठेवली, खुर्चीत बसली आणि अर्ज भरला. अधूनमधून माझ्याकडे न बघता विचारत होती: आधार नंबर? जातीच्या दाखल्याची फाइल कुठे? ओटीपी आला का? ओटीपी माझ्या फोनवर आला होता आणि मला तो वाचता येत नव्हता. तिने माझ्या हातातून फोन काढून घेतला. माझं बोट धरून फोन उघडला. अर्ज गेला. मग ती म्हणाली, "आई, यापुढे मी आल्याशिवाय सुरू करू नकोस." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

बँकेचे, विजेच्या बिलाचे, सगळे पासवर्ड आता तिच्याकडे आहेत. तिला त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं.

म्हणून टेक्स्ट ब्राउझरने माझा प्रश्न सुटला, असं मी म्हणत नाही. वाचण्याचा सुटला. विकिपीडिया, बातम्या, कामाचे संदर्भ सगळं चालतं. व्यवहाराचा नाही सुटला. आणि मराठीचं वेगळंच रडगाणं. टर्मिनलमध्ये प्रत्येक अक्षराला एकेक चौकोन, तिथे आपली जोडाक्षरं सुटी पडतात, वेलांट्या भलतीकडे लटकतात. मराठी वाचायला मी ईमॅक्स या मजकूर लिहायच्या प्रोग्रॅममधला 'ईडब्ल्यूडब्ल्यू' हा ब्राउझर वापरते; तिथे देवनागरी नीट जुळते. याच ईमॅक्सला 1990 च्या दशकात बोलतं केलं ते टी. व्ही. रमण यांनी. पुण्यात वाडिया कॉलेजात शिकलेले, किशोरवयात दृष्टी गेलेले. पडद्यावरचं वाचून दाखवणारं हे 'ईमॅकस्पीक' त्यांनी मुळात स्वतःला वापरायला केलं. त्यांना कोणी हौस म्हणून करता का असं विचारत असेल का, हे मला जाणून घ्यायला आवडेल.

मला मात्र विचारणारी एक माझ्या आतच आहे. 1997 ची, कॉलेजातली. व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीचं विद्यार्थ्यांसाठीचं स्वस्तातलं, नुसती अक्षरं दाखवणारं इंटरनेटचं 'शेल' खातं, डायलअपचा तो किंचाळणारा आवाज, मेलसाठी पाइन आणि वेबसाठी हाच लिंक्स. चित्राच्या जागी कंसात नुसतं 'इमेज'. चित्रं दाखवणारं टीसीपी-आयपी खातं वर्षाला 15,000 रुपये. आमच्या घरी ते शब्दही कोणी उच्चारले नसते. ज्या मैत्रिणीच्या वडिलांकडे ते होतं तिच्याकडे जाऊन मी शनीचं चित्र रेघ रेघ उमटताना पाहिलं आणि घरी येऊन लिंक्सला शिव्या घातल्या. ती मुलगी मला म्हणते, तुला परवडतंय, मग परत इथेच? मी आजाराचं कारण सांगते. ती म्हणते, आजार नसता तर सोडला असतास? इथे मी गडबडते. कारण खरं सांगायचं तर या शांत पडद्याची आता चटक लागलीय. आणि कोणी वाकून विचारलं की थोडी ऐट वाटते, तीही आहेच. पण ऐट आहे म्हणून चक्कर खोटी ठरत नाही, हे तिला पटत नाही आणि तुम्हालाही पटत नसणार.

लेकीने परवा 'ब्राउश' नावाचा टेक्स्ट ब्राउझर बसवून दिला. पाठीमागे गुपचूप फायरफॉक्स चालतो आणि टर्मिनलमध्ये मजकूर उमटतो, त्यामुळे जावास्क्रिप्टवाली पानंही उघडतात. आम्ही मुद्दाम तेच परीक्षेचं पान उघडलं. उघडलं! वरची पट्टी रंगीत चौकोनांची होऊन डावीकडे पळत होती, यशस्वी विद्यार्थी चौकोनी तोंडांनी उजवीकडे. मी डोळे मिटले. "थांब, बंद करते," ती म्हणाली, आणि मग, "हे थांबवायचं काहीतरी असेल ना गं यात?" ती शोधतेय अजून.