आईच्या गोळ्यांची पिशवी

आई 76 वर्षांची, बीपी आणि गुडघेदुखी सोडली तर ठणठणीत. मागच्या पावसाळ्यात पावलं सुजायला लागली म्हणून एका डॉक्टरांनी लघवी जास्त होण्याची गोळी दिली, मग रात्रीतून चार-चारदा उठणं सुरू झालं, झोप होईना म्हणून दुसरीकडून झोपेची गोळी आली आणि एका पहाटे ती बाथरूमच्या दारातच पडली. हाड वाचलं, कपाळाला तीन टाके पडले. मी खूप घाबरले.

ओळखीने एक फिजिशियन मॅडम मिळाल्या. फोनवरच म्हणाल्या, नुसती फाइल नको, घरात असतील नसतील तेवढी औषधं पिशवीत घालून आणा. शोधायला लागले तर डब्यात, उशीखाली, फ्रीजवर, देवघराच्या खणात, सगळीकडे गोळ्या! मेडिकलमधून आणलेली सर्दीची, शेजारच्या काकूंनी दिलेली गुडघ्याची, सगळी मिळून 14 प्रकार. आणि स्ट्रिपा अशा कापलेल्या की नाव एका तुकड्यावर, तारीख दुसऱ्यावर.

मॅडमनी सगळं टेबलावर मांडलं आणि कंपनीचं मोठं नाव सोडून खालची बारीक अक्षरं वाचत गेल्या. दोन स्ट्रिपा बाजूला काढल्या. नावं वेगळी, रंग वेगळे, पण दोन्हीत बीपीचं एकच औषध, अ‍ॅम्लोडिपिन 5 मिलिग्रॅम. एक नेहमीच्या डॉक्टरांची, दुसरी पाय सुजायच्या आधी आई अ‍ॅडमिट होती तेव्हा डिस्चार्ज कार्डावर आलेली, आणि मी दोन्ही इमानेइतबारे देत होते. मॅडम म्हणाल्या, या औषधाने पाय सुजू शकतात, डोस वाढला की जास्तच. म्हणजे औषधाने आलेल्या सुजेवर आम्ही अजून एक औषध देत होतो हो! ते ऐकून मला रडूच आलं.

मग आईचं बीपी झोपवून घेतलं, वरचं 132. उभं करून घेतलं तर 104, म्हणजे उठताच एकदम खाली. रक्तात सोडियम 128 निघालं, 135 च्या वर पाहिजे. बीपीची दुसरी गोळी टेल्मिसार्टन, त्यात लघवीची आणि वर ती गुडघ्याची पेनकिलर, हे तिन्ही एकत्र किडनीला फार जड जातं म्हणाल्या.

एक अ‍ॅम्लोडिपिन आणि लघवीची गोळी त्यांनी बंद केली, गुडघ्याला पॅरासिटामॉल दिली. आई म्हणाली मग झोपेचीपण आजपासून बंद करते, तर मॅडम म्हणाल्या, "नाही काकू, ती एकदम सोडायची नाही, मी सांगते तशी हळूहळू कमी करू." आईची झोपेची गोळी म्हणजे अल्प्राझोलाम, तुमच्याकडेही कुणी ती घेत असेल तर प्लीज मनाने थांबवू नका.

तीन आठवड्यांत सूज उतरली, आईची जुनी चप्पल परत पायात बसली. सोडियमही वर आलं. आता मी एका कागदावर मूळ औषधाचं नाव, डोस, कशासाठी आणि कोणी दिलं हे मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, कुठल्याही डॉक्टरांकडे गेलो की आई आधी पर्समधून तोच काढते. मेडिकलवाल्या दादांना सांगितलंय, पूर्ण स्ट्रिपच द्या, कापू नका. झोपेची अजून पाव गोळी चालू आहे.