चुकिकामाता: पावसानं न धुतलेलं तांबं

उत्तर चिलीतल्या कालामा शहरातून बस निघाली की थोड्याच वेळात चुकिकामाता या तांब्याच्या खाणीचं रिकामं गाव लागतं. शाळा, दुकानं, चौक सगळं जागच्या जागी आहे, फक्त माणसं नाहीत. २००८ पर्यंत सगळ्यांना कालामात हलवलं. उंची सुमारे २,८५० मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा बाराशे मीटर जास्त. जिना चढताना ते लगेच कळतं.

खाणीचा खड्डा साडेचार किलोमीटर लांब आणि जवळपास किलोमीटरभर खोल. सगळे खोलीचेच फोटो काढत होते. मला मात्र इथल्या दगडांनी जास्त गुंतवलं. गाइडनं एक तुकडा हातात दिला. करड्या दगडाच्या भेगेत बोटाच्या पेराएवढी हिरवी पट्टी, आणि तिच्यात रेशमासारखे आडवे तंतू. हे अँटलेराइट, तांब्याचं सल्फेट. इतरत्र दुर्मीळ, इथे मात्र कित्येक वर्षं हेच मुख्य धातुक होतं! शेजारी तांब्याचंच दुसरं खनिज, गडद हिरवं अटाकमाइट, आणि आपल्या द्राक्षबागायतदारांना बोर्डो मिश्रणामुळे ओळखीचं असलेलं निळंशार मोरचूदसुद्धा.

मोरचूद पाण्यात विरघळतं. सह्याद्रीत ते एका पावसाळ्यातच वाहून गेलं असतं. इथे अटाकामाचं वाळवंट, पाऊस जवळजवळ नाहीच, म्हणून टिकलं.

मूळ तांबं आलं ते साधारण साडेतीन ते तीन कोटी वर्षांपूर्वी. खालून शिलारस वर घुसला, त्यातल्या तप्त द्रवांनी खडकाच्या बारीक भेगांत सल्फाइडं, म्हणजे तांबं आणि गंधकाची खनिजं भरली. पुढे झिरपत्या पाण्यानं वरचं तांबं विरघळवून खाली नेलं आणि तिथे चाल्कोसाइट या काळपट सल्फाइडचा श्रीमंत थर बसला. पश्चिमेला मात्र हा खजिना एकदम तुटतो. तिथून मोठा प्रस्तरभंग, म्हणजे खडक सरकलेली भेग जाते. पलीकडचा ग्रॅनोडायोराइट, ग्रॅनाइटसारखाच खडक, जवळपास वांझ. रेषेच्या अलीकडे तांबं, पलीकडे नुसता दगड. निसर्गाचा हिशोब असा रोखठोक असतो.

आता वरची हिरवी खनिजं बहुतेक संपलीत. २०१९ पासून भुयारी खाणकाम सुरू आहे, आणि खाली मिळतात ती सल्फाइडंच. त्यातल्या एनार्जाइट नावाच्या खनिजात आर्सेनिक असतं, त्यामुळे ते वितळवणं डोकेदुखीचं.

जाणार असाल तर आधी नाव नोंदवा. पूर्ण बाह्यांचा शर्ट, लांब पँट आणि बंद बूट हवेत. सँडल घालून आलेल्यांना बसमध्ये घेत नाहीत.