वर्णभेदाविषयी लहान मुलांशी बोलताना

मूल लहान आहे, त्याला आताच हे कशाला सांगायचे, असे बहुतेक आईवडिलांना वाटते. मला ते पटत नाही, कारण तीन महिन्यांचे बाळसुद्धा सवयीच्या वर्णाच्या चेहऱ्याकडे अधिक वेळ पाहते. अमेरिकेत १९४० च्या सुमारास केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे रंग सोडल्यास एकसारख्या बाहुल्या ठेवल्या, तेव्हा निम्म्याहून अधिक मुलांनी गोरी बाहुली चांगली ठरवली. आपण गप्प राहिलो, तरी मुले शिकतच असतात.

मुलाने बसमध्ये मोठ्याने, "त्या काकांचा रंग इतका काळा का?" असे विचारले, की आपण ओशाळून त्याला दटावतो आणि त्यातून काळ्या रंगात काहीतरी लाजिरवाणे आहे, एवढेच त्याच्या मनावर ठसते. त्याऐवजी तिथेच, नेहमीच्या आवाजात सांगावे, "त्वचेत मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य असते, ते त्यांच्यात जास्त आहे, तुझ्यात कमी."

"सगळे सारखेच" एवढे सांगून मात्र भागत नाही. रंगावरून कोणाला खेळात न घेणे हा अन्याय आहे, हे चार वर्षांच्या मुलाला नीट कळते, कारण खेळातला अन्याय त्याने स्वतः अनुभवलेला असतो.

आपलेच मूल असे काही सोसून घरी आले, तर आधी त्याचे सगळे बोलणे ऐकून घ्यावे, चूक त्याची नाही हे स्पष्ट सांगावे आणि मगच शिक्षकांशी बोलावे.