नाक कुठाय, हात कुठायत?

अ‍ॅबस्ट्रॅक्ट फिगर, म्हणजे माणसाचं हुबेहूब नसलेलं चित्र किंवा शिल्प, समोर आली की आपण आधी हजेरी घेतो, डोळे कुठायत, हात दोन आहेत का, नाक का नाही. आणि मग काय काय गायब आहे त्यावरून अर्थ लावत बसतो. मला वाटतं उलटं बघावं, एवढं सगळं काढून टाकल्यावर त्या कलाकाराने हट्टाने ठेवलंय काय?

स्विस शिल्पकार जियाकोमेत्तीचा 'वॉकिंग मॅन' हा पुतळा घ्या, १९६० चा. ब्रॉन्झचा, उंची जवळपास सहा फूट म्हणजे आपल्याएवढा, पण अगदी काडीपैलवान. बघितल्या बघितल्या लोक सांगतात की हा महायुद्धाने पोखरलेला माणूस, एकटेपणा, अस्तित्ववाद वगैरे. १९४८ मध्ये सार्त्रनेच, म्हणजे अस्तित्ववादाच्या फ्रेंच तत्त्वज्ञानेच, जियाकोमेत्तीच्या शिल्पांवर लिहिलं म्हटल्यावर ते लेबल घट्ट चिकटणारच. चुकीचं आहे असं नाही, पण जरा घाईचं आहे. कारण या पुतळ्याच्या पायांकडे बघा ना, केवढे मोठे आणि जड, खालच्या बेसमध्ये रुतल्यासारखे, आणि तरी अख्खं अंग पुढे झुकलेलं. पोखरलेला माणूस असा चालतो? आणि जियाकोमेत्तीने घडवलेल्या बायका, म्हणजे १९५६ च्या 'विमेन ऑफ व्हेनिस' वगैरे, त्या मात्र ताठ उभ्या, हात अंगाला चिकटवून. सारख्याच बारीक, पण अर्थ तोच कसा असेल?

मुळात त्याला छळणारा प्रश्न अंतराचा होता, लांबचा माणूस जसा दिसतो तसाच करायचा. युद्धाच्या काळात जिनिव्हात असताना त्याच्या मूर्ती इतक्या लहान व्हायला लागल्या की काडेपेटीत मावतील. चेहऱ्याच्या जवळ गेलात तर नुसते बोटांनी दाबलेले खड्डे-उंचवटे दिसतात, मागे सरकलं की माणूस परत येतो.

ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं वेगळंच, तो आडव्या बाईच्या अंगात चक्क भोक पाडतो, आणि ते भोक म्हणजे जखम नाही, तोही आकारच, त्यातून पलीकडचं दिसतं. (फोटोत हे कळत नाही, भोवती फिरावंच लागतं.)

आता काय ठेवलंय ते बघायची हीच पद्धत अमेरिकेतला चित्रकार डी कूनिंगच्या 'वुमन वन'ला लावली, १९५० ते ५२ चं ते पेंटिंग, तर मी जरा अडचणीत येते. त्यात बाईबद्दलचा राग आहे असं म्हणणाऱ्यांशी मला वाद घालता येत नाही, कारण त्याने ठेवलंय काय तर बटबटीत डोळे, दात आणि छाती, बाकीची बाई फटकाऱ्यांमध्ये गेली.