फुल अँड फायनल ४५ दिवसांत?

मी कंपन्यांना लेबर लॉ कम्प्लायन्सचा सल्ला देते. २१ नोव्हेंबर २०२५ ला चारही लेबर कोड, म्हणजे नवीन कामगार कायदे, लागू झाले, जुने २९ कायदे त्यात गेले, आणि तेव्हापासून फोन चालूच आहेत. त्यातला एक दिवस मात्र डोक्यातून जात नाही.

सकाळीच एका क्लायंटच्या एचआर मॅनेजरचा फोन आला, आवाज घाबरलेला. "मॅडम, आज एका टीम लीडचा लास्ट डे आहे, ती म्हणतेय दोन दिवसांत पैसे द्या नाहीतर कंप्लेंट करते, सर जाम भडकलेत, तुम्ही येता का?" गेले. मालक म्हणाले, "आपल्याकडे फुल अँड फायनल ४५ दिवसांनीच होतं, सगळीकडे तसंच असतं, ही काय नवीन सांगतेय?"

फुल अँड फायनल म्हणजे नोकरी सोडणाऱ्याचा शेवटचा हिशोब. आणि ती टीम लीड बरोबर सांगत होती. चारपैकी पगाराचा जो वेज कोड, त्याच्या कलम १७ प्रमाणे कर्मचाऱ्याला काढलं किंवा त्याने स्वतः राजीनामा दिला तरी त्याचा देय पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावा लागतो. ग्रॅच्युइटी वेगळी, तिला ३० दिवस आहेत. मालकांना आश्चर्य का वाटलं तेही समजू शकते, कारण जुन्या पेमेंट ऑफ वेजेस अ‍ॅक्टमधला दोन दिवसांचा नियम मालकाने काढून टाकलं तर होता, राजीनाम्याला नाही, आणि तो कायदाच मुळात महिना २४,००० पर्यंत पगारवाल्यांना लागू होता. टीम लीड वगैरे लोक त्याच्या बाहेरच. नवीन कोडमध्ये ही पगाराची मर्यादाच गेली.

मग मी विचारलं, या नवीन नियमांची मी पाठवलेली नोट मिळाली होती ना? मिळाली होती. एचआरने वाचून मालकांना फॉरवर्डपण केली होती आणि त्यावर "नोटेड" असं उत्तरही होतं. पण सिस्टिममधला रिलिव्हिंग मेल कोणी बदललाच नव्हता, आणि त्याच सकाळी त्या मुलीला ऑटोमॅटिक मेल गेला होता की आपला अंतिम हिशोब ४५ दिवसांत केला जाईल. म्हणजे कायदा मोडणार असं कंपनीनेच तिला लेखी कळवलं! उद्या क्लेम झाला असता तर पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारीही मालकाचीच, कलम ५९. हे सांगितल्यावर मालक जरा शांत झाले.

पण ४५ दिवस लागतात कशाला? मी नो ड्यूजचा, म्हणजे जाणाऱ्याकडे कंपनीचं काही बाकी नाही असं लिहून घ्यायचा, फॉर्म मागवला. आयटी, अ‍ॅडमिन, स्टोअर, रिपोर्टिंग मॅनेजर आणि सगळ्यात शेवटी अकाउंट्स, इतक्या सह्या, आणि हा फॉर्म माणसाच्या हातात पडतो कधी तर शेवटच्या दिवशी. नोटीस पिरियडचा अख्खा महिना कोणी काही करतच नाही. अकाउंट्समधला एकजण म्हणाला, "मॅडम, हिशोब काढायला मला अर्धा तास लागतो, फॉर्म माझ्यापर्यंत यायलाच महिना जातो." माझ्या मते त्या दिवसातलं सगळ्यात कामाचं वाक्य हेच होतं. तिथेच बसून ठरवलं की राजीनामा स्वीकारला त्याच दिवशी फॉर्म उघडायचा, शेवटच्या दिवशी फक्त लॅपटॉप आणि आयकार्ड घ्यायचं. मेलचा मजकूर एचआरने माझ्यासमोर बदलला. त्या मुलीचे पैसे दुसऱ्या दिवशी तिच्या खात्यात गेले, कंप्लेंट झाली नाही.

मला मनापासून वाटतं की कायदा बदलला एवढं कळवून आमचं काम संपत नाही, मालकाच्या ऑफिसातला तो फॉर्म, तो मेल, ते अपॉइंटमेंट लेटर उघडून बघावंच लागतं. हल्ली मी सगळ्या क्लायंटकडून हे कागद आधी मागवते. याच कंपनीच्या लेटरमध्ये बेसिक ३० टक्के आणि बाकी सगळे भत्ते निघाले, आणि पगाराच्या नवीन व्याख्येत भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले की वरचा भाग पगारात धरला जातो, म्हणजे पीएफ आणि ग्रॅच्युइटीचा हिशोब पुन्हा तपासायचा. त्यासाठी मालकांनी स्वतःहून पुढच्या आठवड्यात बोलावलंय.